मालव्यातला पळस: इंदूरहून एका रविवारात जाऊन येण्यासारखे आडरस्ते सुचवा

स्कूटर_आणि_थर्मास | ८ फेब्रुवारी २०२६

नमस्कार मंडळी,

दर वर्षी माझं तेच होतं. कुणाच्या तरी स्टेटसवर पेटलेला पळस दिसतो, मी विचारते "कुठे गं?", आणि उत्तर येतं, "मागच्या रविवारी गेलो होतो, आता गळला असेल." म्हणून यंदा आधीच विचारतेय.

अडचणी सांगून टाकते. आई बरोबर असणार. वय ७६, गुडघे दोन्ही गेलेले, गाडीतून उतरून पन्नास पावलं म्हणजे डोक्यावरून पाणी. तिचं लहानपण बागलीत गेलं. तिथून उदयनगरकडे बैलगाडीने जाताना "दोन्ही बाजूंनी लाल लाल" एवढं तिला आठवतं, रस्ता कुठला ते आठवत नाही. हे ती गेली चार वर्षं सांगतेय आणि मी चार वर्षं "हो, जाऊ" म्हणतेय. गाडी जुनी, जमिनीला टेकलेली. सुट्टी फक्त रविवारची.

होळी ३ मार्चला आहे. त्याच्या आधीचा रविवार, १ मार्च, म्हणजे पळस ऐन भरात असेल ना?

पोहे_डबल_जीरावन | ८ फेब्रुवारी

ताई, खंडवा रोड पकडा, भेरूघाट उतरा, दिसेल तिथे थांबा. विषय संपला. 😄

स्कूटर_आणि_थर्मास | ८ फेब्रुवारी

थांबू कुठे? मागच्या महिन्यात गेले होते त्या बाजूला. चौपदरीचं काम चालू, डंपरमागे डंपर, आणि झाडांवर एवढी धूळ की पळस फुलला तरी करडाच दिसेल.

घाटउतार | ९ फेब्रुवारी

ताई, पहिली गोष्ट, होळी धरून पळसाचा हिशेब करू नका. सगळे इथेच चुकतात. होळी चंद्रावर चालते आणि पळस उन्हावर. २०२४ ला धुळवड २५ मार्चला होती, २०२५ ला १४ मार्चला, यंदा ४ मार्चला. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून पुढच्या वर्षी एकदम २२ मार्चला जाईल. तीन आठवड्यांचा हा झोका झाडाला कोण सांगणार? माझ्याकडे नोकरीत असल्यापासूनची वही आहे (सडक खात्यात होतो, सगळा जन्म घाटात गेला). तिच्यात सणाची नाही, इंग्रजी तारीख लिहितो आणि शेजारी जागेचं नाव.

दुसरी गोष्ट उंचीची. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. मंडलेश्वर, बडवाह ही नर्मदाकाठची गावं दीड-दोनशे मीटरवर. खाली ऊन लवकर तापतं, त्यामुळे निमाडातला पळस आपल्यापेक्षा आठ-दहा दिवस आधी फुलतो. मग तो घाट चढत वर येतो. म्हणून "पळस कधी फुलतो" असं विचारून उपयोग नाही. अमुक रविवारी तो घाटाच्या कुठल्या पायरीवर असेल, ते विचारा. माझ्या वहीप्रमाणे १ मार्चला तो घाटाच्या पायथ्याशी भरात असतो आणि वर पठारावर नुकता कळ्या फोडत असतो.

तिसरी गोष्ट मातीची. काळी माती दिसते आहे तोवर गाडी थांबवू नका. गहू, हरभरा, लसणाची सपाट शेतं असली की बांधावर एखादाच पळस उरतो. मुरूम लागला, दगड उघडा पडला, चरणोई (गुरांचं कुरण) आली, की तिथे तो रांगेने उभा असतो. ढोरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत, म्हणून चराईच्या जागेत बाकी सगळं संपतं आणि तो शिल्लक राहतो.

रस्ते संध्याकाळी लिहितो, आता डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली.

पोहे_डबल_जीरावन | ९ फेब्रुवारी

काका, तुमच्या वहीची झेरॉक्स काढून विका. मी पहिला गिऱ्हाईक.

घाटउतार | ९ फेब्रुवारी, रात्री

लिहितो म्हणालो होतो, तर घ्या.

महूहून बडगोंद्यावरून जाम गेट. अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधलेला दरवाजा, मालवा इथे संपतो आणि खाली निमाड पसरलेला दिसतो. गेटपाशी थांबून खालच्या उतारावर बघा. नारिंगी ठिपके तळाशी जास्त आणि वर कमी असतील, तर मी वर लिहिलं ते डोळ्यांनी दिसेल. पुढे घाट उतरून मंडलेश्वरपर्यंत जाता येतं. वळणांवर आईंना घेऊन घाई करू नका, आणि उन्हं उतरायच्या आत परत वर या, तिथे रात्र करू नका.

कंपेल, पेडमीवरून उदयनगर. हा तुमच्या आईंचा रस्ता असू शकतो, निदान त्याचं या बाजूचं टोक. शेतं, मग एकदम सागवान, मग उघडे माळ. गर्दी नाही. पळस तुटक तुटक आहे, सलग नाही, पण झाड रस्त्याला अगदी चिकटून येतं, गाडीची काच खाली केली की झालं.

सिमरोलहून चोरलकडच्या आतल्या सडका. प्रधानमंत्री ग्राम सडकेचे बोर्ड दिसतील, कुठून कुठे आणि किती किलोमीटर ते लिहिलेलं असतं. बोर्ड दिसला तर डांबर नक्की, नसेल तर तुमच्या गाडीने जाऊ नका.

जानापावला गाडी वरपर्यंत जाते. साडेआठशे मीटरहून उंच, चंबळ तिथे उगम पावते. तिथला पळस सगळ्यांत उशिरा. १ मार्चला गेलात तर निराश व्हाल, म्हणून सांगून ठेवतो.

पानगळ | १० फेब्रुवारी

घाटउतारकाकांचं सगळं मान्य, वनस्पतिशास्त्र शिकवते म्हणून एक भर घालते: लांबून लाल दिसतं ते सगळं पळस नसतं. या दिवसांत पानझडी जंगलात बरेच जण एकदम रंगतात, आणि दर वर्षी कुणीतरी मला सावरीचा फोटो पाठवून "पळस!" लिहितं.

सावर (काटेसावर, इथे सेमल म्हणतात) उंच, सरळ, फांद्या छत्रीच्या काड्यांसारख्या मजल्यामजल्याने आडव्या. फूल वाटीएवढं, मांसल, पडताना धप्प आवाज येतो. पळस बुटका, वाकडातिकडा, खोड कधीच सरळ नाही. फुलं फांदीला घोसाने चिकटलेली, आणि कळी ज्यात बसते ती वाटी काळपट मखमलीची. झाड दुरून "जळतंय" असं वाटतं ते या काळ्या मखमलीमुळे, नुसत्या नारिंगीमुळे नाही. एक फूल हातात घेऊन बघा: एक पाकळी मागे उलटलेली, दोन बाजूंना, आणि मधे पोपटाच्या चोचीसारखी वाकडी नौका. बोटाने नौका हलकेच दाबली की आतून पुंकेसर बाहेर येतात. वास शून्य. पक्ष्यांना वासाशी देणंघेणं नसतं, त्यांना रंग आणि रस हवा. शिंजीर, साळुंक्या, आणि थवेच्या थवे भोरड्या, ज्यांना आपल्याकडे पळसमैना म्हणतात ते उगाच नाही.

घाटात रस्ता खोदून काढलेल्या कड्यांवर कमरेएवढी लाल झुडपं दिसली तर ती धायटी. आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं आंबवायला हीच फुलं घालतात. आणि तापलेल्या खडकावर, जिथे दुसरं काही उगवत नाही, तिथे बिनपानांच्या फांद्यांच्या टोकाला मोठी पिवळीधमक फुलं दिसली तर थांबाच. ती गणेर, सोनसावर. माझ्या मते पळसापेक्षा देखणी, पण तिच्यावर कुणी म्हण केली नाही, त्यामुळे बिचारी मागे पडली.

निमाडी_नातू | १० फेब्रुवारी

सनावदहून हजेरी. खाली कळ्या आल्यात, फुलं अजून नाहीत. दर रविवारी इथे टाकत जाईन.

एक टीप. गावात विचारताना "पळस" म्हणू नका, "टेसू"सुद्धा शहरी वाटतं. "खाखरा फूल्यो काई?" असं विचारा, बकऱ्या चारणारी पोरं बोटाने दिशा दाखवतात. मागे आमच्या एका पाहुण्याने "पलाश के वृक्ष" विचारलं होतं. समोरच्याने त्याला पलाश नावाच्या मुलाच्या घरी नेऊन सोडलं.

बडोद्याची_बाकरवडी | ११ फेब्रुवारी

आमच्याकडे केसूडो. जांबुघोडा, छोटा उदेपूरच्या बाजूला गेलं की रस्त्याच्या कडेने नुसता केसरी. इंदूरचे लोक मांडवपर्यंत (मांडू) येतातच, तिथून थोडं पश्चिमेला या की! (आमची उंची तुमच्यापेक्षा बरीच कमी, म्हणजे काकांच्या हिशेबाने आमचा आधी. तपासून कळवते.)

सुदामानगरची_काकू | ११ फेब्रुवारी

तू आईला घेऊन चालली आहेस ना, तर एक पिशवी ठेव. झाडाखाली पडलेली फुलंच उचलायची, फांदी ओढायची नाही. सावलीत वाळव. रंगपंचमीच्या आदल्या रात्री पातेलंभर पाण्यात उकळ, तसंच झाकून ठेव, सकाळी गाळून घे. पिवळा रंग येतो. नारिंगी हवा असेल तर खायचा चुना चिमूटभर, बोटाच्या टोकावर मावेल एवढाच. लगेच रंग फिरतो, मुलांना बघायला बोलाव. गेरमधे (रंगपंचमीच्या मिरवणुकीत) टँकरने उडवतात त्या रंगापुढे हा फिका वाटेल, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसला जांभळा कान घेऊन जावं लागत नाही.

नीमचची_लेक | १३ फेब्रुवारी

पळसाचा धागा आहे हे माहीत आहे, तरी सांगते. कुणी मंदसौर-नीमचकडे जाणार असेल तर आत्ता तिथे अफूची शेतं पांढरीशुभ्र फुललीत. पण शेतात शिरून सेल्फी काढू नका. पट्ट्याचं, म्हणजे सरकारी परवान्याचं पीक असतं, नार्कोटिक्स खात्याचं मोजमाप असतं, बोंडाला चिरा द्यायचे दिवस जवळ आले की शेतकरी रात्री शेतातच झोपतो. अनोळखी माणूस दिसला की त्याच्या पोटात गोळा येतो, आणि ते बरोबरच आहे. सडकेवरून बघा, पोपट कसे बोंडं पळवतात ते बघा, पुढे चला.

पोहे_डबल_जीरावन | १५ फेब्रुवारी

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी रेकी करून आलो. रिपोर्ट:

१. सावर जोरात. पळस घाटाच्या मध्यापर्यंत दहातला एक.
२. गूगल अर्थची कॉम्प्युटरवरची आवृत्ती उघडून जुन्या तारखांची उपग्रह-चित्रं बघितली. फेब्रुवारी-मार्चचं चित्र मिळालं तर करड्या जंगलात नारिंगी ठिपके दिसतात. सगळीकडे नाही, पण दोन जागा मी अशाच शोधल्या. काका, तुमच्या वहीला स्पर्धा आली.
३. सावरीखाली ड्रोन उडवला. वरच्या फांदीला आग्या मोहोळ होतं. बघितलं नव्हतं. पुढचं विचारू नका. हेल्मेट घालून दीड किलोमीटर पळालो, ड्रोन अजून तिथेच आहे, डावा डोळा आज उघडला.
४. आणि ही सगळ्यात मोठी बातमी: पिवळा पळस सापडला! एकच झाड, पूर्ण पिवळं. पिन टाकतोय 👇

[लोकेशन काढून टाकले आहे – व्यवस्थापन]

निमाडी_नातू | १५ फेब्रुवारी

पिन काढ. आत्ता. मी व्यवस्थापनाला कळवलंय.

पोहे_डबल_जीरावन | १५ फेब्रुवारी

अरे भिया, झाड आहे, खजिना नाही. लोकांनी बघावं म्हणूनच तर धागा आहे ना?

निमाडी_नातू | १५ फेब्रुवारी

खजिनाच समजतात रे, तोच तर घोळ आहे. पिवळ्या-पांढऱ्या पळसाबद्दल काय काय अंधश्रद्धा आहेत माहीत आहे का? मुळी खणून तिजोरीत ठेवायची, साल काढून ताईत करायचा, अमावास्येला फांदी तोडायची. आमच्या गावाजवळ एक पिवळा होता. आधी फुलं गेली, मग साल गेली, मग एका शिवरात्रीनंतर बुंध्याशी खड्डा. माझे आजोबा त्याच्याखाली जेवायला बसायचे. आता तिथे खड्डाच आहे, पावसाळ्यात बेडूक असतात.

पोहे_डबल_जीरावन | १५ फेब्रुवारी

हे माहीत नव्हतं. सॉरी. ग्रुपवरची पिनपण डिलीट केली, पण बारा जणांनी बघितली होती.

पानगळ | १६ फेब्रुवारी

मी थोडी मधली बाजू घेते. सगळंच लपवलं तर ७६ वर्षांच्या आजींना पळस कधी दिसणार? साध्या नारिंगी पळसाचा रस्ता बिनधास्त सांगावा, हजारो झाडं आहेत. दुर्मिळ रंगाचं एकटं झाड असेल तर तालुकासुद्धा सांगू नये. पिवळा हा पळसाचाच रंगभेद आहे, त्यात औषधी किंवा दैवी वेगळं काही नाही. ज्याला ताईत हवा त्याला माझा हा खुलासा पटणार नाही हेही मला ठाऊक आहे.

घाटउतार | १६ फेब्रुवारी

पानगळताईंशी सहमत नाही. रस्ता सांगतानाही "या किलोमीटरच्या दगडापाशी" असं मी सांगत नाही. सडकेचं नाव सांगावं आणि बाकीचं ज्याने त्याने शोधावं. शोधणारा माणूस फांदी तोडत नाही, आयतं मिळालेला तोडतो. चाळीस वर्षं बघत आलोय.

सुदामानगरची_काकू | १६ फेब्रुवारी

दोघंही आपापल्या जागी बरोबर, पण पोराचा डोळा कसा आहे ते कुणी विचारलंच नाही. बर्फ लाव रे. आणि ड्रोन आणायला परत जाऊ नकोस.

निमाडी_नातू | २२ फेब्रुवारी

रविवारची हजेरी: बडवाह-सनावद पट्ट्यात निम्म्याहून जास्त झाडं पेटली. काही झाडं एका बाजूनेच फुलली आहेत, उन्हाकडच्या. भोरड्यांचा थवा सकाळी साडेसातला आला, आवाजाने म्हैस बुजली.

स्कूटर_आणि_थर्मास | १ मार्च, रात्री

आत्ताच आलो. आई झोपली. लिहून टाकते, नाहीतर राहून जाईल.

सकाळी सहाला निघालो, महूला पोहे, जाम गेटला आठच्या आधी. काका, खरंच ठिपके होते! तळाशी दाट, मध्यात विरळ, गेटपाशी एका झाडाला फक्त काळ्या कळ्या. आई गाडीतच बसून होती, मी काच खाली केली. तिने खाली निमाडकडे बघितलं आणि म्हणाली, "अहिल्याबाईंनी जागा बघून बांधलं हो." पळसाबद्दल एक शब्द नाही.

घाट उतरून पायथ्याशी गेलो. तिथे एका उघड्या माळावर चाळीसेक झाडं असतील, सगळी भरात. एक झाड अगदी रस्त्याच्या कडेला, फांदी काचेपर्यंत. आईने खाली पडलेलं फूल मागितलं, उलटंसुलटं केलं, चोच दाबून पुंकेसर काढले (पानगळताईंनी लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं होतं), तळव्यावर रसाचा थेंब पडला तो चाटला. म्हणाली, "हो, हे आम्ही चोखायचो." मी खूश.

मग म्हणाली, "पण ते हे नव्हे."

मी म्हटलं, काय हे नव्हे? तर म्हणे, "उदयनगरच्या रस्त्याचं लाल हे नव्हे. ते वर होतं. सावली होती."

येताना मॅपने "जवळचा रस्ता" म्हणून एका गिट्टीच्या खदानीत नेऊन सोडलं. तिथे बोर्ड नव्हता, काकांचं ऐकायला हवं होतं. गाडीचं पोट दगडावर बसलं. एका ट्रॅक्टरवाल्या दादांनी ओढून काढली, पैसे घेतले नाहीत, आईला "माँजी" म्हणून पाणी दिलं. फुलांची पिशवी भरली आहे, काकू, रंगपंचमीला कळवते.

पानगळ | २ मार्च

"वर होतं, सावली होती." पळसाला फुलताना पान नसतं, सावली कुठली पडणार? आईंना एक विचारा: त्या बैलगाडीने कधी जायच्या? महिना कुठला?

स्कूटर_आणि_थर्मास | २ मार्च

विचारलं. म्हणाली, पाडव्यानंतर. मामाकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जायचे, कैरीची डाळ आठवतेय तिला.

घाटउतार | २ मार्च

चैत्रात पळस कुठला? फुलं गळून शेंगा लोंबायला लागलेल्या असतात. म्हणजे मी त्यांना वेगळ्याच झाडाला पाठवलं. चूक माझी, आधी महिना विचारायला हवा होता.

पानगळ | २ मार्च

मला वाटतं ते फूलच नव्हतं. कोशिंब असावा, इथले लोक कुसुम म्हणतात (करडईवाला कुसुम वेगळा). मोठं, डेरेदार, गर्द सावलीचं झाड, नाल्याच्या काठाने येतं. त्याची नवी पालवी लालभडक असते, किरमिजीकडे झुकणारी, आणि ती येते मार्चच्या शेवटी. उन्हाच्या दिशेने बघितलं तर प्रत्येक पान आतून दिवा लावल्यासारखं. यंदा पाडवा १९ मार्चला आहे. २२ च्या रविवारी कंपेल-पेडमीवरून उदयनगरकडे जा आणि फुलं शोधू नका. नाले शोधा, जिथे रस्ता छोट्या पुलावरून जातो.

सुदामानगरची_काकू | ८ मार्च

सगळे राजवाड्यावर गेरमधे असतील. मी घरी. नातवाला चुना टाकून दाखवला, त्याने तोच प्रयोग सहा वेळा करायला लावला. अगं, तुझं काय झालं?

स्कूटर_आणि_थर्मास | ८ मार्च

रंग झाला काकू! चुना मात्र जास्त पडला, शेजारच्या वहिनींची पांढरी ओढणी आता विटकरी आहे. त्यांना आवडली असं त्या म्हणताहेत.

पोहे_डबल_जीरावन | १५ मार्च

जानापाव अपडेट: आज वरचा पळस भरात. काकांची वही १, उपग्रह ०. निमाडी भाऊ, तुमच्याकडे?

निमाडी_नातू | १५ मार्च

गळला. खाली गालिचा, वर कोवळी पानं, तीन-तीनच. मोहाला कळ्या दिसताहेत. एक विनंती सगळ्यांना: मोहाखालची जमीन झाडून, पाला जाळून साफ केलेली दिसली तर तिच्यावर गाडी लावू नका, चालूही नका. ते झाड कुणाच्या तरी घराचं असतं, पहाटे ती माणसं टोपली घेऊन येतात. आणि सिगारेट गाडीतसुद्धा नको, पाचोळा इतका सुका आहे की काडीही पुरते.

स्कूटर_आणि_थर्मास | २२ मार्च

पानगळताई, तुमच्या पाया पडते.

पेडमी सोडल्यावर जंगल लागलं. सगळा साग उघडा, जमीन करडी, मी मनात म्हटलं आज पण फुकट. तिसरा की चौथा छोटा पूल. पाणी नव्हतं, नुसते दगड. पुलाच्या डाव्या बाजूला एकच झाड, प्रचंड, पूर्ण लाल. त्याच्या पुढे आणखी दोन, मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी.

मी काही बोलले नाही, गाडी हळू केली. आईने स्वतःच दार उघडलं. काठी विसरून उतरली. पन्नास नव्हे, मोजून ऐंशी पावलं चालली ती, झाडाखाली उभी राहिली आणि वर बघितलं. खाली सगळं लालसर ऊन, तिच्या पांढऱ्या केसांवरसुद्धा. म्हणाली, "इथे बैल सोडायचे. डबा इथे खायचो."

हाच तो पूल का, हे मी विचारलं नाही. तेव्हा पूल असेल की नाही तेही माहीत नाही.

एक कोवळं पान तिने ब्लाउजमध्ये ठेवून आणलंय. घरी येईपर्यंत मरगळलं, रंग अजून आहे. आता प्रश्न असा: तिची धाकटी बहीण पुण्याहून २ एप्रिलला येते आहे आणि फोनवर दोघींचं ठरलंसुद्धा. तोवर पानं लाल राहतील का?

पानगळ | २२ मार्च

नाही राहणार. आठ-दहा दिवसांत तांबूस, मग पोपटी. पण २ एप्रिलला मोह टपटपत असेल. तो पहाटेच पडतो, ऊन चढलं की संपलं. मावशींना चारला उठवावं लागेल, जमेल का विचारा.

स्कूटर_आणि_थर्मास | २२ मार्च

विचारलं. मावशी म्हणते साडेतीनला उठेन, पण चहा थर्मासात हवा.